टेबलटॉप रोल-प्लेइंग खेळासाठी (टेबलाभोवती बसून काल्पनिक पात्रं रंगवायचा खेळ) काढलेले इमारतींचे नकाशे खरे वाटावेत म्हणून काय करावं?

तुमच्या नकाशातल्या खोल्या नुसत्या जोडलेल्या चौकटी वाटतात, तिथे कोणी राहत असेल असं खेळाडूंना वाटत नाही, असं तुम्ही लिहिलंय. मला वाटतं, तुम्ही भिंती आधी काढता आणि माणसं मागाहून आत सोडता. मी उलट करतो. रोज कोण कुठून कुठे जातं, त्या वाटा पेन्सिलीने काढतो, भिंती नंतर.

सराई घ्या. विहिरीचं पाणी स्वयंपाकघरात येतं, ताटं तिथून जेवणाच्या दालनात जातात, उष्टी भांडी परत येतात. सरपण मागच्या दाराने. पाहुणे जिन्याने वर जातात, मालक रात्री गल्ला घेऊन आपल्या खोलीत. जी वाट पुन्हापुन्हा गिरवली जाते, तिच्या दोन टोकांच्या खोल्या शेजारी आणा. पाहुण्यांची वाट गल्ल्यापाशी पोचता कामा नये, म्हणून मध्ये भिंत आणि कुलूप. एवढ्यात निम्मा नकाशा ठरतो. शिवाय चोरून शिरायला निघालेले खेळाडू सरपण कुठून येतं हे स्वतःच विचारतात. तो प्रश्न ऐकला की मला फार आनंद होतो.

मग बांधकाम. लाकडी तुळया मधल्या आधाराशिवाय फार लांब टाकता येत नाहीत. दालन २० फुटांहून रुंद असेल तर खांब दाखवा. लढाईत आडोशालाही ते उपयोगी पडतात. खाली चूल असेल तर तिचं धुराडं वरच्या मजल्यातून छपरापर्यंत गेलंच पाहिजे. खिडकी बाहेरच्या भिंतीला किंवा चौकाकडे.

नकाशे सर्वांत जास्त फसतात ते जिन्यात. मजला १० फूट उंच आणि पायरी ७ इंच उंच धरली, तर सतराएक पायऱ्या लागतात. प्रत्येक पायरी १० इंच रुंद धरा, सरळ जिन्याची लांबी १३ फुटांच्या वर जाते. म्हणजे ५ फुटांच्या ग्रिडवर (नकाशावरची चौकोनी जाळी, एक चौकोन म्हणजे ५ फूट) जवळजवळ तीन चौकोन, आणि वरच्या मजल्यावरही नेमकी तीच जागा रिकामी हवी. तळमजल्यावर ट्रेसिंग पेपर ठेवून वरचा मजला काढा. जिना, धुराडं आणि जाड भिंती जुळतात की नाही ते लगेच दिसतं.

मापांच्या बाबतीत मात्र थोडी सूट घ्यावीच लागते. १० बाय १० ची खोली म्हणजे ग्रिडवर फक्त चार चौकोन. चार खेळाडू उभे राहिले की संपली, आणि मोठा राक्षस एकटाच तेवढी जागा खातो. जिथे मारामारी होईल असं वाटतं ती दालनं मी दीडपट-दुप्पट करतो आणि त्यांना किमान दोन दारं देतो, नाहीतर सगळी झुंज उंबऱ्यातच अडकते. कोठारं, नोकरांच्या खोल्या तशाच अरुंद ठेवतो.

गुप्त जिना दाखवायचा असेल तर त्याला खरी जागा द्या. दगडी किल्ल्याची भिंत ८-१० फूट जाड असू शकते, म्हणजे दोन चौकोन. अरुंद जिना त्यात सहज मावतो. घराच्या पातळ भिंतीत तो मावणार नाही. तिथे दोन खोल्यांच्या मध्ये एक पट्टा सोडा आणि आतली-बाहेरची मापं खरी सांगा. एखादा खेळाडू बेरीज करून म्हणेल, "इथे पाच फूट कमी पडताहेत."