मोमेंट मेथडचा सॉल्व्हर मेमरी खातोय, एमएलएफएमए लिहू की एसीए?

तुमचा प्रश्न असा: बंद धातूच्या वस्तूवर विद्युतचुंबकीय तरंग आदळून होणाऱ्या स्कॅटरिंगसाठी मोमेंट मेथडने (पृष्ठभागावरचा प्रवाह अज्ञात धरून इंटिग्रल समीकरणाची मॅट्रिक्स करून) आरडब्ल्यूजी बेसिस (त्रिकोणांच्या जाळीवरची राव-विल्टन-ग्लिसन फंक्शनं) घेऊन ईएफआयई (विद्युत क्षेत्राचं इंटिग्रल समीकरण) सॉल्व्हर लिहिलाय, तो एक लाख अज्ञातांपाशी मेमरी संपून बंद पडतो, तर आता कोणती फास्ट पद्धत घालावी, एमएलएफएमए (मल्टिलेव्हल फास्ट मल्टिपोल अल्गोरिदम) की एसीए (अडॅप्टिव्ह क्रॉस अप्रॉक्सिमेशन)?

मेमरी संपणारच. 1,00,000 बाय 1,00,000 ची पूर्ण भरलेली मॅट्रिक्स, डबल प्रिसिजन कॉम्प्लेक्स संख्येला 16 बाइट, म्हणजे 160 जीबी. फ्रिक्वेन्सी दुप्पट केलीत की अज्ञात चौपट, मेमरी सोळापट, आणि एलयू (मॅट्रिक्सचे दोन त्रिकोणी भाग करून थेट सोडवणं) वापरत असाल तर वेळ चौसष्टपट.

तरीही आधी समीकरण बदला. फास्ट पद्धत मॅट्रिक्स-व्हेक्टर गुणाकार स्वस्त करते. जीएमआरईएसला (फेऱ्याफेऱ्यांनी उत्तराजवळ जाणाऱ्या पद्धतीला) असे गुणाकार किती लागतील ते समीकरण आणि प्रीकंडिशनर (फेऱ्या कमी व्हाव्यात म्हणून मॅट्रिक्सवर केलेला संस्कार) ठरवतात. बंद वस्तूवर नुसती ईएफआयई आतल्या पोकळीच्या रेझोनन्सपाशी बिघडते. गोलासाठी पहिला रेझोनन्स तरंगसंख्या गुणिले त्रिज्या 2.744 च्या आसपास येतो. तिथे चालवून फेऱ्या मोजा, मग सीएफआयई (ईएफआयई आणि चुंबकीय क्षेत्राचं समीकरण एमएफआयई यांचं मिश्रण) लावून पुन्हा मोजा. फरक डोळ्यांनी दिसतो. पातळ उघडा पत्रा असेल तर मात्र एमएफआयई चालत नाही, म्हणून सीएफआयईही नाही. मग चांगला प्रीकंडिशनर शोधणं आलं.

आता पद्धत. मी एसीएपासून सुरुवात करीन, कारण तिला तुमचा जुना कोड तसाच चालतो. एकमेकांपासून लांब असलेल्या अज्ञातांच्या दोन गटांचा मॅट्रिक्समधला ब्लॉक घ्यायचा, त्याची एक ओळ काढायची, तिच्यातल्या सर्वांत मोठ्या घटकाचा स्तंभ काढायचा, दोघांचा गुणाकार वजा करायचा, आणि उरलेली चूक पुरेशी लहान होईपर्यंत हेच. 1000 बाय 1000 च्या ब्लॉकची रँक (लागलेल्या ओळ-स्तंभ जोड्यांची संख्या) 20 निघाली तर दहा लाखांऐवजी 40,000 संख्या साठवायच्या. एक खोच आहे: एमएफआयईचा भाग वेगळा दाबत (असा कमी संख्यांत साठवत) असाल, तर एकाच सपाट पृष्ठभागावरच्या त्रिकोणांमुळे शून्य ओळी येतात आणि एसीए काम झालं समजून थांबते. थांबल्यावर आणखी दोन-चार ओळी कुठूनही उचलून तपासा.

एसीएची मर्यादा अशी की गट तरंगलांबीच्या तुलनेत मोठे झाले की रँक वाढत जाते. कित्येक तरंगलांब्या लांब विमानासाठी मग एमएलएफएमएच. गणितज्ञ व्लादिमीर रोखलिन यांनी 1990 मध्ये ट्रान्सलेशन (एका गटाचा परिणाम दुसऱ्याकडे नेणं) कर्ण-मॅट्रिक्सच्या रूपात आणलं, म्हणून एका गटाच्या समतल तरंगांचे गुणांक दुसऱ्याकडे नेताना नुसता एकास एक गुणाकार पुरतो. अनेक पातळ्यांवर केलं की खर्च एन लॉग एनच्या घरात येतो (एन म्हणजे अज्ञातांची संख्या). शेजारचे गट नेहमीसारखे थेट मोजायचे.

एमएलएफएमएत गट खोक्यांनी पाडतात; सर्वांत लहान खोका पाव तरंगलांबीच्या खाली नेऊ नका. ट्रान्सलेशनच्या सूत्रातली हँकेल फंक्शनं तिथे फुगतात आणि अचूकता जाते. फीडजवळ (अँटेनाला सिग्नल जोडतात त्या जागी) जाळी फार बारीक असेल तर एका खोक्यात अज्ञातांची गर्दी होते, तिथले जवळचे ब्लॉक एसीएने दाबा.