पॅशन फ्लॉवरला कृष्णकमळ म्हणावे का?

प्रश्न आहे ब्रिटिश छायाचित्रकार ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन यांच्या १८७५ च्या 'मॉड' या छायाचित्राबद्दल. त्यातली तरुणी पॅशन फ्लॉवरच्या वेलाशी उभी आहे. या फुलाला मराठीत 'कृष्णकमळ' म्हणावे, की 'उत्कटतेचे फूल'?

'उत्कटतेचे फूल' नकोच. इथला पॅशन प्रेमाच्या आवेगाचा नाही. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ सोसणे, आणि नावात अभिप्रेत आहे ते ख्रिस्ताचे दुःखसहन. दक्षिण अमेरिकेत गेलेल्या स्पॅनिश धर्मोपदेशकांना या फुलात क्रूसाचा सगळा प्रसंगच दिसला: तंतूंचे वलय म्हणजे काटेरी मुकुट, पाच परागकोश म्हणजे पाच जखमा, तीन कुक्षी (स्त्रीकेसराची टोके) म्हणजे खिळे. पाच पाकळ्या आणि पाच निदले (पाकळ्यांखालची दले) मिळून येशूच्या बारा शिष्यांपैकी दहा झाले. येशूचा घात करणारा यहूदा आणि त्याला नाकारणारा पेत्र त्यांत धरले नाहीत.

आपल्याकडे त्याच फुलात महाभारत दिसले. भोवतीचे तंतू शंभर कौरव, पाच पुंकेसर पांडव, मधोमध कृष्ण. तीन कुक्षींना कोणी ब्रह्मा-विष्णू-महेशही म्हणतात. वेल बाहेरून आलेला, पण नाव किती आपलेसे! त्यामुळे बागेबद्दल लिहायचे असते तर मी बेलाशक कृष्णकमळच लिहिले असते.

या चित्रात मात्र ख्रिस्ती अर्थ सोडून चालणार नाही. कोलकात्यात जन्मलेल्या कॅमेरॉनबाईंच्या हाती कॅमेरा आला तो वयाच्या ४८ व्या वर्षी. इंग्लंडच्या आइल ऑफ वाइट बेटावर कवी टेनिसन त्यांचे शेजारी होते, आणि 'मॉड' ही टेनिसन यांचीच दीर्घकविता. प्रियकर पहाटे बागेच्या फाटकाशी मॉडची वाट पाहतो, तेव्हा या फुलातून अश्रू गळतो. तो क्षण आनंदाचा आहे, पण पुढे त्याच्याच हातून मॉडचा भाऊ मरतो आणि मॉडही जाते. दुःखाची खूण असलेले फूल तिथे आधीच फुललेले आहे. शिवाय चित्रात उभी आहे मेरी हिलियर, कॅमेरॉन यांच्या घरी काम करणारी; तिला त्यांनी येशूची आई मरिया म्हणून अनेकदा टिपले होते. पाहणाऱ्याला तो संदर्भ लागायलाच हवा.

म्हणून पहिल्या उल्लेखात 'कृष्णकमळ, म्हणजे ख्रिस्ताच्या दुःखसहनाची खूण मानले जाणारे फूल' असे लिहा. पुढे नुसते 'कृष्णकमळ' चालेल. चित्राच्या लांबलचक शीर्षकात टेनिसनची ओळ आहे, तिथे 'पॅशन फ्लॉवर' तसेच ठेवा: 'फाटकाजवळच्या पॅशन फ्लॉवरमधून एक तेजस्वी अश्रू ओघळला आहे'. अश्रूला 'ओघळला' हेच क्रियापद शोभते, 'पडला' नको.