हॅचरीतली (मत्स्यबीज केंद्रातली) बोटुकली, म्हणजे बोटाएवढी माशांची पिल्लं, नदीत सोडली की तिथले मूळ मासे वाढतात ना?

नाही, कधी कधी उलटंच होतं. कावेरीचंच बघा. लोणावळ्याच्या वळवण हॅचरीत वाढवलेला निळ्या पराचा महसीर तिथे सोडला गेला. हेतू चांगला होता, पण हा मासा कावेरीचा नव्हे. तो तिथे फोफावला आणि फक्त कावेरी खोऱ्यात सापडणारा कुबडा महसीर कमी होत गेला. त्याला शास्त्रीय ओळख मिळाली ती थेट 2018 मध्ये, अतिसंकटग्रस्त म्हणूनच! धरणं, वाळूउपसा, सुरुंगाने मासेमारी हीही कारणं आहेतच.

त्यामुळे सोडायचंच तर त्याच खोऱ्यातल्या माशांचं बीज सोडावं आणि त्याला खूण करावी. अमेरिकेत कोलंबिया नदीत हॅचरीतल्या बहुतेक सॅमनचा शेपटीजवळचा छोटा पर कापतात. गळाला असा मासा लागला तर ठेवायचा, पर शाबूत असेल तर बहुतेक ठिकाणी परत सोडायचा.