बायबलमधील स्तोत्रसंहिता या पुस्तकातील स्तोत्र १०० मध्ये आनंद करण्याची आज्ञाच आहे. मनात आनंद नसेल तर ते कसे वाचावे?

शेवटच्या, म्हणजे पाचव्या वचनापासून वाचण्यास आरंभ करावा, कारण आनंदाची आज्ञा आधी येत असली तरी तिचे कारण तिथे सांगितले आहे: परमेश्वर चांगला आहे, त्याची दया सर्वकाळ टिकते आणि त्याची सत्यता पिढ्यानपिढ्या राहते. अवघ्या पाच वचनांच्या या स्तोत्रात जयजयकार करा, सेवा करा, या, जाणा, प्रवेश करा, उपकारस्मरण करा, धन्यवाद द्या अशा सात आज्ञा आहेत. त्यांतील मधली ‘जाणा’ ही असून, आपल्याला त्याने निर्माण केले आणि आपण त्याच्या कुरणातील कळप आहोत, ही ओळख तिच्याबरोबर येते. म्हणून येथील आनंद वाचकाच्या त्या दिवशीच्या मनःस्थितीवर उभा नाही, आणि माझ्या मते या स्तोत्राचा खरा दिलासा त्यातच आहे. शिवाय हे आवाहन अनेकवचनी, सर्व पृथ्वीला उद्देशून आहे; त्यामुळे ते एकट्याने मनात वाचण्यापेक्षा इतरांबरोबर मोठ्याने म्हटल्यास अधिक उमगते. मात्र दुःखात असलेल्याने ओढूनताणून आनंदी व्हावे असा त्याचा अर्थ घेऊ नये. याच स्तोत्रसंहितेतील ८८ वे स्तोत्र अंधारातच संपते, आणि तीही प्रार्थनाच आहे.