स्टेकहोल्डरच्या गरजा समजून घ्यायला टीमची कार्यशाळा कशी घ्यावी?

तुम्ही लिहिलंय की टीम आठ जणांची आहे, हातात एक दिवस आहे आणि याआधी असं काही घेतलेलं नाही. मी नागपुरात अशा कार्यशाळा घेतो. सुरुवातीलाच एक सांगतो: त्या खोलीत स्टेकहोल्डरच्या, म्हणजे आपल्या कामाशी ज्यांचा संबंध येतो त्या लोकांच्या, गरजा कळत नाहीत, त्यांच्याबद्दल आपल्याला काय वाटतं तेवढं कळतं. तेही मोलाचं आहे, पण दोन्हींची गल्लत करू नका.

मला हे संत्र्याच्या कामात उमगलं. नागपूरच्या कळमना बाजारातले भाव शेतकऱ्यांना मोबाइलवर कळवायचे, असं ते काम होतं. कार्यशाळेत भिंतीवर शेतकरी, अडते (बाजारात माल विकून देणारे दलाल), व्यापारी यांच्या नावाखाली त्यांच्या गरजांच्या चिठ्ठ्या लागल्या. शेतकऱ्याखाली माझ्याच अक्षरातली चिठ्ठी होती, ‘रोजचा भाव हवा’. सगळ्यांनी माना डोलावल्या. नंतर काटोलकडे एका बागेत गेलो, तर तिथले काका म्हणाले, "आता रेट सांगून काय कामाचा भाऊ? बाग तं झाडावरच देल्ली." आंबिया बहाराचं, म्हणजे हिवाळ्याअखेरीच्या फुलांचं, फळ ऑक्टोबर ते डिसेंबरात उतरतं, पण त्यांनी फळ लिंबाएवढं असतानाच अख्ख्या बागेचा सौदा केला होता. पुढची तोडणी, गाडी, बाजार, सगळं व्यापाऱ्याचं. त्यांना अडचण होती ती सौद्याच्या दिवशी: झाडांवर माल किती टन निघेल याचा अंदाज व्यापाऱ्याला पक्का, यांना नाही. आमच्या भिंतीवर याची एकही चिठ्ठी नव्हती.

तेव्हापासून मी दोन रंगांच्या चिठ्ठ्या वापरतो. प्रत्यक्ष ऐकलेलं हिरव्यावर, आपल्याला वाटतं ते पिवळ्यावर. पहिली दहा मिनिटं कुणी बोलायचं नाही, फक्त लिहायचं, आणि साहेबांनी आपली चिठ्ठी सगळ्यांत शेवटी लावायची. ती आधी लागली की बाकीच्या तिच्यासारख्याच निघतात. मग प्रत्येक हिरव्या चिठ्ठीला विचारायचं, "हे कोण म्हणालं? कधी?" उत्तर आलं नाही की ती पिवळी. तासाभरात भिंत पिवळी होते, टीम थोडी हिरमुसते. होऊ द्या. ‘पारदर्शकता हवी’ असले शब्द खोडून माणूस जे बोलला ते जसंच्या तसं लिहायला लावा.

कुणाचा अधिकार किती आणि कामात आस्था किती, अशा चार चौकटींची आखणी तुम्ही वाचली असेल. ती वापरा, पण दुपारनंतर. सकाळीच काढली तर हमाल, मापारी, गाडीवाला हे कमी अधिकाराच्या कोपऱ्यात जातात आणि दिवसभर त्यांच्याकडे कुणी बघत नाही. काम मात्र त्यांच्याच हातून पुढे सरकतं.

आणि सगळ्या स्टेकहोल्डरना एकाच खोलीत बोलवायचा मोह टाळा. ज्या अडत्याकडून उचल घेतलीय, त्याच्यासमोर शेतकरी तक्रार करणार नाही. तो ‘सगळं बरं आहे’ म्हणेल आणि तुम्ही तेच हिरव्या चिठ्ठीवर लिहाल.

शेवटचा तास पिवळ्या चिठ्ठ्यांना द्या: प्रत्येकीवर टीममधल्या एकाचं नाव, कुणाला भेटायचं ते आणि तारीख. भेट त्यांच्या जागी, त्यांच्या सवडीने. आम्ही कळमन्यात लिलाव चालू असताना प्रश्न विचारत फिरलो, कुणी दाद दिली नाही. लिलाव आटोपल्यावर चहाच्या टपरीवर बसलो, तेव्हा तीच माणसं पाऊण तास बोलली.