‘माझ्या हातून फुटली’ म्हणजे जबाबदारी टाळणं का?

प्रश्न एका आईचा आहे. त्यांचा नऊ वर्षांचा मुलगा काही फुटलं-सांडलं की ‘माझ्या हातून कपबशी फुटली’ असं सांगतो. आई त्याला दटावते, ‘मी फोडली असं म्हण, जबाबदारी घ्यायला शीक.’ सासूबाई म्हणतात की मुलाचंच मराठी बरोबर आहे. त्यांना विचारायचं आहे, कोणाचं खरं?

सासूबाईंचं. आणि ते नुसतं व्याकरणात नव्हे, न्यायानेही खरं आहे.

मराठीत अशा क्रियापदांच्या जोड्याच आहेत: फुटणे-फोडणे, तुटणे-तोडणे, फाटणे-फाडणे, पडणे-पाडणे, सुटणे-सोडणे. जोडीतलं दुसरं क्रियापद आलं की ऐकणारा करणाऱ्याचा हेतू गृहीत धरतो. देवळात जाऊन आलेला माणूस ‘मी नारळ फोडला’ म्हणतो. तोच नारळ वाटेत पिशवीतून काढताना निसटला, तर ‘माझ्या हातून नारळ फुटला’ म्हणेल. आता दोन्ही वाक्यांत ‘मुद्दाम’ घालून पाहा. ‘मी मुद्दाम फोडला’ सहज म्हणता येतं. ‘माझ्या हातून मुद्दाम फुटला’ असं मराठी माणूस बोलणारच नाही. तेव्हा मुलाकडून ‘मी फोडली’ वदवून घेणं म्हणजे त्याने न केलेल्या गोष्टीची कबुली घेणं. ‘मी चुकून फोडली’ चालतं, नाही असं नाही. पण त्या ‘चुकून’ला जे काम करावं लागतं ते ‘हातून’मध्ये आधीच झालेलं असतं.

मग जबाबदारी टाळणारं वाक्य कोणतं? नुसतं ‘कपबशी फुटली’. त्यात माणूसच नाही. कचेरीतल्या मराठीत हा प्रकार बारमाही चालतो: ‘सदर फाइल गहाळ झाली’, ‘नजरचुकीने नाव वगळले गेले’. कोणाची नजर, ते कधीच कळत नाही. ‘माझ्या हातून’ म्हणणाऱ्याने मात्र हात कोणाचा ते पहिल्याच शब्दात सांगितलेलं असतं.

आईंच्या आग्रहामागे बहुधा इंग्रजी शाळेतली शिकवण असावी: कर्मणी प्रयोग म्हणजे पळवाट, कर्तरी म्हणजे सरळपणा. मराठीत हे मोजमाप लावताच येत नाही. ‘मी कपबशी फोडली’ हा कर्मणी प्रयोग आहे, कारण क्रियापद कपबशीप्रमाणे चालतं. पेला असता तर ‘फोडला’ झालं असतं. आणि ‘माझ्या हातून कपबशी फुटली’ हा चक्क कर्तरी आहे, कपबशी कर्ता. प्रयोगावरून माणसाचा प्रामाणिकपणा जोखू नये. आपल्याकडची सगळ्यात मनापासूनची क्षमायाचना ‘माझं चुकलं’ अशी असते. तिच्यात ‘मी’ कुठेच नाही, तरी ती ऐकून ‘हा अंग काढून घेतोय’ असं कोणाला वाटत नाही.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. ‘हातून’ फक्त नुकसानीसाठी राखीव नाही. ‘त्यांच्या हातून मोठं काम झालं’, ‘माझ्या हातून थोडी सेवा घडली’ असंही आपण म्हणतो. दोष झटकण्यासाठीच ही रचना असती तर श्रेयाच्या वेळी लोकांनी ती टाकून ‘मी केलं’ म्हटलं असतं. तसं होत नाही. कर्ता-करविता वेगळा आणि आपण निमित्त, ही कीर्तन-प्रवचनांतून मुरलेली समजूत या एका शब्दात आहे.

तरी आईंची शंका अगदीच बिनबुडाची नाही. एडवर्ड जोन्स आणि रिचर्ड निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी १९७१ मध्ये मांडलं होतं की स्वतःच्या वागण्याचं कारण माणूस परिस्थितीत शोधतो आणि दुसऱ्याच्या वागण्याचं त्याच्या स्वभावात. मला उशीर झाला कारण गाडी चुकली, त्याला उशीर झाला कारण तो बेशिस्त. पुढे २००६ मध्ये बर्ट्राम माले यांनी या विषयावरचे १७३ अभ्यास एकत्र तपासले. सरसकट असा फरक त्यांना जवळजवळ दिसलाच नाही. तो दिसला तो वाईट घटनांच्या बाबतीत. चांगल्या घटना असल्या की पारडं उलट फिरत होतं. म्हणजे कपबशी फुटते तेव्हा आपण दुटप्पी होण्याची भीती खरीच असते.

केटलिन फॉसी आणि लेरा बोरोडित्स्की यांचं काम तर थेट फुटण्या-फोडण्याबद्दलचं आहे. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात इंग्रजी आणि स्पॅनिश बोलणाऱ्यांना काही चित्रफिती दाखवल्या: कोणी फुगा मुद्दाम फोडतो, कोणाकडून तो चुकून फुटतो. स्पॅनिशमध्ये अपघाताबद्दल ‘फुलदाणी फुटली’ या धाटणीने बोलायची रीत जास्त. मुद्दाम केलेल्या कृतीचा कर्ता दोन्ही गटांना सारखाच आठवला. अपघात कोणाकडून झाला ते मात्र स्पॅनिश बोलणाऱ्यांना कमी आठवलं. बोलण्याची धाटणी आठवणीपर्यंत पोचते ती अशी. माझ्या मते हा धोका नुसत्या ‘फुटली’ला आहे, ‘माझ्या हातून’ला नाही, तिथे माणूस वाक्यात जागेवर बसलेला असतो.

पण मला आईंनाच उलट विचारायचं आहे: घरात दुसऱ्या कोणाकडून फुटली तर तुम्ही काय म्हणता? ‘माझ्या हातून फुटली, तू फोडलीस’ हे आपल्या घराघरांत चालतं, आणि भाषेचा दुरुपयोग होतो तो इथे. ‘तुझ्या हातून फुटली’ हेही शुद्ध मराठी आहे, फक्त कानावर क्वचित पडतं.

यापुढची पायरी जास्त वाईट. स्वतःबद्दल बोलताना मराठीत सगळं आपल्यापाशी येतं नि जातं: मला राग आला, मला झोप लागली, मला राहवलं नाही, माझ्या लक्षातून गेलं. पाहुण्यासारखा राग येतो आणि निघून जातो. दुसऱ्याचा राग मात्र त्याच्या घरचाच असतो: तो रागीट, तो तापट. मी विसरतो, तो विसराळू. मी भांडलो, तो भांडखोर. वागण्यावरून माणसाचं विशेषण करण्याची सोय मराठीत इतकी आहे की जीभ सहज तिकडे वळते. झोपाळू, रडका, खादाड, चोंबडा, भांडकुदळ, विसरभोळा. हे शब्द मला प्रिय आहेत, मराठीची खरी ऐट त्यांत आहे. पण घटना एका दिवसाची असते आणि विशेषण जन्माचं होऊन बसतं. स्वभावाला औषध नाही, असं आपण पुढे म्हणूनही टाकतो.

हे सगळीकडे सारखं नसतं, हे दाखवणारा एक अभ्यास आपल्या शेजारचा आहे. जोन मिलर यांनी शिकागोतल्या अमेरिकन आणि म्हैसूरच्या हिंदू लोकांना ओळखीच्यांच्या वागण्याची कारणं विचारली. निष्कर्ष १९८४ मध्ये छापून आले. एका वकिलाची हकिगत त्यात आहे: त्याच्या मोटरसायकलला अपघात झाला, मागे बसलेल्याला गंभीर इजा झाली, वकील त्याला इस्पितळात सोडून कोर्टात गेला. अमेरिकन प्रौढांचा कल माणूसच बेजबाबदार म्हणण्याकडे होता. म्हैसूरकरांचा भर वकिलाच्या कर्तव्यावर, अशिलाची बाजू मांडायला त्याला जावं लागणार होतं यावर होता. दोन्हीकडच्या आठ वर्षांच्या मुलांत मात्र फारसा फरक नव्हता. तो वयाबरोबर वाढत गेला. तुमचा मुलगा नऊ वर्षांचा आहे. वागण्याची कारणं कुठे शोधायची, हे तो याच वयात मोठ्यांच्या बोलण्यातून उचलतोय.

आणि तो स्वतःलाही त्याच बोलण्यातून ओळखू लागतोय. ‘नाव ठेवणे’ म्हणजे बारसं आणि ‘नावं ठेवणे’ म्हणजे दोष काढणं, या दोन गोष्टी मराठीने एका शब्दावर आणल्या त्या उगाच नाहीत. दोन्हींनी माणूस पुढे ओळखला जातो. ‘वेंधळाच आहेस’ हे पुरेसं कानावर पडलं की मूल वेंधळं म्हणून वावरायला लागतं. उलट दिशेनेही हे चालतं. १९७५ मध्ये रिचर्ड मिलर, फिलिप ब्रिकमन आणि डायना बोलेन यांनी पाचवीच्या वर्गांवर एक प्रयोग केला. एका वर्गाला ‘तुम्ही नीटनेटकी मुलं आहात’ असं सांगत राहिले, दुसऱ्याला ‘तुम्ही नीटनेटकं राहायला हवं’ असा उपदेश केला. कचरा कमी केला तो पहिल्या वर्गाने, आणि काही दिवसांनी पुन्हा पाहिलं तेव्हाही ती सवय टिकून होती.

म्हणून मुलाचं वाक्य दुरुस्त करू नका. ‘तुझ्या हातून फुटली ना? मग चपला घाल, केरसुणी आण, आपण काचा गोळा करू,’ एवढं पुरे. जबाबदारी काचा गोळा करण्यात आहे, ‘फोडली’ म्हणण्यात नाही.

जाता जाता एक बारकावा. शहरांत हल्ली सगळीकडे ‘माझ्याकडून’ ऐकू येतं: माझ्याकडून कपबशी फुटली, माझ्याकडून बोललं गेलं. चूक म्हणणार नाही, पण मला ते सपाट वाटतं. हातातली वस्तू असेल तर ‘हातून’, शब्द निसटला असेल तर ‘तोंडून’, आणि एखादं काम किंवा निरोप राहून गेला असेल तर ‘माझ्याकडून राहिलं’, असा भेद मी ठेवतो. ‘माझ्याने’ चौथं, ते कुवतीसाठी: ‘माझ्याने आता जिना चढवत नाही.’ तिथे ‘हातून’ चालणार नाही.