पाच महिन्यांचा लॅब, दोरीचं खेळणं आणि हिरडीचं रक्त

तुमच्या प्रश्नात तीन गोष्टी आहेत. पाच महिन्यांचा लॅब्राडोर सोफ्याचे पाय कुरतडतो, तर चघळायला काय द्यावं. दोरीच्या खेळण्यावर रक्ताचे डाग दिसले. आणि त्याच दोरीचा एक झुपका काल त्याने गिळला असावा, सकाळी एकदा उलटी झाली. मी शेवटून सुरुवात करते, कारण घाई फक्त तिथे आहे.

गिळलेला दोरा पोटात इतर वस्तूंसारखा वागत नाही. रबराचा लहान तुकडा पुष्कळदा शीतून निघून जातो. दोऱ्याचं एक टोक जिभेच्या मुळाशी किंवा जठरात अडकतं आणि बाकीचा आतड्यात उतरतो. आतडं त्याला पुढे ढकलत राहतं, दोरा जागचा हलत नाही, मग नाडी ओढल्यावर परकराला पडतात तशा आतड्यालाच चुण्या पडतात. ताणलेला दोरा आतून आतडं कापू शकतो. म्हणून आज डॉक्टरांना फोन कराच, पिल्लू उड्या मारत असलं तरी. पुन्हा उलटी झाली, जेवण नाकारलं, पाठ कमानीसारखी करून बसला, पोटाला हात लावू देईना किंवा शी झालीच नाही, तर फोनवर न थांबता घेऊन जा. साध्या एक्स-रेमध्ये दोरा स्वतः दिसतोच असं नाही, तेव्हा ‘काहीतरी खाल्लं’ असं मोघम न सांगता ‘दोरा गिळला’ असंच सांगा. डॉक्टर सोनोग्राफीचा विचार लवकर करतील. जिभेखाली दोरा दिसला किंवा शेपटीखाली लोंबताना दिसला तर ओढायचा नाही. आणि शेजारचं कुणी मिठाचं पाणी पाजून उलटी करवायला सांगेल, तेही करू नका. त्याने रक्तातलं मीठ जिवावर बेतेल इतकं वाढू शकतं.

रक्ताचं मात्र मनावर घेऊ नका. कुत्र्याला दुधाचे २८ दात असतात आणि नंतर कायमचे ४२ येतात. ही अदलाबदल साधारण चौथ्या महिन्यात पुढच्या दातांपासून सुरू होते आणि सातव्या महिन्यापर्यंत उरकते. तुमचा पठ्ठ्या बरोबर मधे आहे. खेळण्यावर गुलाबी ठिपके, फरशीवर तांदळाएवढा दात, बरेचदा तोही नाही कारण तो गिळून टाकतो; हे सगळं रीतसर आहे. सहा-सात महिन्यांचा झाला की फक्त एक बघा: नवा सुळा आलाय आणि शेजारी दुधाचा बारीक सुळा अजून उभाच आहे, असं तर नाही ना? तसं असेल तर तो काढावा लागतो, नाहीतर अन्न अडकतं आणि नवा दात वाकडा येतो. पॉमेरेनियन, शिहत्झू अशा छोट्या जातींत हे जास्त, लॅबमध्ये कमी. सतत वाहणारं रक्त, घाण वास किंवा एका बाजूला सुजलेलं तोंड हे दात येण्याचं लक्षण नव्हे.

आता खेळणी. दुकानात लोक टिकाऊ काय ते विचारतात आणि दुकानदार दगडासारखं टणक काहीतरी काढून देतो. माझा आग्रह नेमका उलटा असतो. खेळणं तुटलं तर नवं येतं, दाढ तुटली तर भूल देऊन ती काढावी किंवा तिचं रूट कॅनाल करावं लागतं. वरच्या जबड्यात दोन्ही बाजूंना एक-एक मोठी, कात्रीसारखी कापणारी दाढ असते. टणक वस्तू चावताना तिचाच कपचा उडतो. कुत्रा त्यानंतरही जेवत राहतो, दुखतंय हे दाखवत नाही, आणि काही महिन्यांनी डोळ्याखाली गाठ सुजली की घरच्यांना कळतं. विकत घेताना अंगठ्याचं नख दाबून बघा. जरासुद्धा खूण उमटली नाही, तर ती वस्तू दातापेक्षा कडक समजा आणि ठेवून द्या. या परीक्षेत पांढरी कॅल्शियमची कडक हाडं, कडक नायलॉन, खूर, शिंगं आणि मटणवाल्याकडची नळीची हाडं नापास होतात. शिंगांचं तर आणखी एक: चितळ-सांबराचं शिंग जंगलात गळून पडलेलं असलं तरी त्याची खरेदी-विक्री १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. गावाकडून कुणी कौतुकाने आणून दिलं तरी नको म्हणा.

हल्ली सगळीकडे मिळणारी हिमालयन छुर्पी, म्हणजे याकच्या किंवा गाईच्या दुधाचं वाळवलेलं चीज, हीसुद्धा कडकच. द्यायचीच असेल तर पक्के दात पूर्ण आल्यावर आणि समोर बसून. शेवटचा बोटभर तुकडा काढून घ्या, कारण घशात जातो तो तोच. तुकडा भिजवून मायक्रोवेव्हमध्ये फुलवला की कुरकुरीत होतो, थंड झाल्यावर तो खुशाल द्या.

गाठ मारलेली चामड्याची हाडं मी देत नाही. लॅब ती चघळत नाही, भिजून मऊ झालेला पट्टा अख्खा गिळतो आणि तो आत फुगतो. रविवारच्या रश्श्यातली हाडंही नाहीत. शिजलेलं हाड सुरीसारखं फुटतं. दुकानात पाकिटात येणारी भाजलेली, धुरावलेली हाडं त्याच जातीची. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न आणि औषध प्रशासनाने, २०१७ मध्ये त्यांच्याबद्दल इशारा दिला होता, तेव्हा त्यांच्याकडे सुमारे ९० कुत्र्यांच्या तक्रारी होत्या आणि त्यांतले १५ दगावले होते. आजोबांच्या काळात कुत्री हाडंच खायची, हा युक्तिवाद दर वेळी येतो. खायची खरी, पण त्यांच्या तुटलेल्या दाढा तेव्हा बघितल्या कुणी?

मग द्यायचं काय? जाड, लवचीक, आत पोकळी असलेलं रबर. काँग हे त्यातलं जुनं नाव, आणि त्याची गोष्ट इथे चपखल बसते: जो मार्कहॅम नावाच्या अमेरिकन माणसाचा जर्मन शेफर्ड दगड चावून दात झिजवत होता, त्याला मोटारीच्या सस्पेन्शनमधला रबरी तुकडा आवडला आणि १९७० च्या दशकात त्यावरून हे खेळणं निघालं. नाव कुठलंही घ्या, पिल्लांसाठी वेगळं मऊ रबर मिळतं ते घ्या आणि दोन्हीकडे भोक असलेलं घ्या. एकच भोक असलेल्या चेंडूत हवेचा ताण बसून जीभ अडकू शकते. आत दहीभात किंवा उकडलेला लाल भोपळा भरून फ्रीजरमध्ये ठेवा. गार रबराने हिरड्यांनाही बरं वाटतं. कांदा, लसूण, मनुका, चॉकलेट नको, आणि पीनट बटर भरणार असाल तर डब्यावर झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोडवा) लिहिलंय का ते वाचा, ते कुत्र्याला विष आहे.

चेंडू नेहमी त्याच्या तोंडापेक्षा मोठा हवा. तो सुळ्यांच्या मागे सरकत असेल तर लहान झाला. पिल्लू वाढत असतं, त्यामुळे जूनमध्ये घेतलेला चेंडू सप्टेंबरमध्ये बाद होतो. टेनिस बॉल फेकून आणायला ठीक, पण तासन्‌तास चघळायला नको. त्याच्या लवेत माती बसते आणि दात झिजतात. करवंट्या, जुन्या चपला, एकटे मोजे यांपैकी काहीच नको. जुनी चप्पल आणि नवी चप्पल हा भेद त्याला कळत नाही, एवढं कारण पुरे. सोफ्याचे पाय चावायला लागला की ओरडण्याऐवजी रबर हातात धरून बोलवा.

खेळणं काढून घेताना तोंड उघडायची सवय लागतेच, तर दोन मिनिटं तब्येतही बघून घ्या. ओठ वर करा. हिरडी गुलाबी आणि ओली हवी. बोटाने दाबून सोडली की दोन सेकंदांच्या आत रंग परत यायला हवा. हिरडी फिकट किंवा पिवळी, अंग गरम आणि कुत्रा मलूल असेल तर आपल्याकडे पहिला संशय गोचीड तापाचा. कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात, पट्ट्याखाली गोचीड शोधा आणि रक्त तपासून घ्या, उद्यावर टाकू नका. मान एकसारखी झटकतोय, कानाला आंबूस वास येतोय, हे पावसाळ्यात लॅबला हमखास होतं. कान दाखवून घ्या, पण घरी इअरबड आत घालू नका. बूड फरशीवर घासतोय तर लोक जंत समजतात. बऱ्याचदा शेपटीखालच्या ग्रंथी भरलेल्या असतात आणि त्या रिकाम्या करायचं काम डॉक्टर मिनिटभरात करतात.

कोरडं नाक म्हणजे ताप, हे डोक्यातून काढून टाका. ताप गुदद्वारात डिजिटल थर्मामीटरनेच मोजायचा. १०१ ते १०२.५ फॅरनहाइट हे त्याचं नेहमीचं, १०३ च्या पुढे फोन करा. झोपेत श्वास मिनिटाला ३० च्या वर वारंवार जात असतील तरीही. काही गिळल्याचा संशय नसेल आणि सकाळी रिकाम्या पोटी एकदा पिवळा फेस ओकून नंतर नीट जेवला तर मी थांबते. लस पूर्ण न झालेल्या पिल्लाला उलट्या आणि रक्ताचे जुलाब झाले तर एक तासही थांबत नाही, ते पार्व्हो, म्हणजे पिल्लांच्या जिवावर बेतणारा विषाणूचा आजार, असू शकतं.

आणि एक धोक्याची सूचना. पंजाने तोंड खरवडणाऱ्या कुत्र्याच्या टाळूत दाढांमध्ये काडी आडवी अडकलेली असू शकते. घरच्या, लस घेतलेल्या कुत्र्याचं तोंड उघडून बघायला हरकत नाही. पण लस न झालेला किंवा रस्त्यावरचा कुत्रा लाळ गाळतोय, जबडा लोंबतोय, पाणी गिळता येत नाही, तर ‘घशात हाड अडकलंय’ असं समजून हात घालू नका. रेबीज तसाच दिसतो. हात गेलाच असेल तर साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा आणि लगेच दवाखाना गाठा.

घरातलं पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक त्याला देऊ नका, अर्धी गोळीसुद्धा नाही. जंताचं आणि गोचिडाचं औषध वजनावर ठरतं, आणि या वयात वजन भराभर बदलतं. त्याला उचलून काट्यावर उभे राहा, मग एकटे उभे राहा आणि वजाबाकी करून लसीच्या कार्डावर तारखेसकट लिहून ठेवा. उचलवेनासा झाला की दवाखान्यातला काटा आहेच, त्याचे पैसे सहसा कुणी घेत नाही.